एफ-वन दाबण्याआधी : जुन्या कॉम्प्युटरचा एरर मेसेज साधन म्हणून कसा वाचायचा?

प्राथमिक साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? रुमालात बांधलेली दप्तरं, मोडीतली पत्रं, फार तर जुनी वर्तमानपत्रं. पण तुमच्यापैकी अनेक जण १९९० नंतरच्या काळावर काम करणार आहेत. त्या काळातली पत्रं, आठवणी, हिशेब, संस्थांची इतिवृत्तं लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप केली. ते कॉम्प्युटर आज माळ्यावर, पलंगाखाली किंवा प्लॅस्टिकच्या कव्हराखाली कोपऱ्यात पडून आहेत. घरचे लोक मोठ्या मनाने म्हणतात, "बघा चालतोय का, हवं ते घ्या." तुम्ही बटण दाबता आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते. बहुतेक जण ती न वाचताच एखादी की दाबून पुढे जातात.

आजचा मुद्दा हाच. ती ओळ म्हणजे दार अडवणारा रखवालदार नाही, ती एक साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली की इतिहासाचा विद्यार्थी जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारायचे : हे कोण बोलतंय? कधी लिहिलेलं आहे? बोलणाऱ्याला नेमकं काय माहीत असू शकतं आणि काय नाही?

हे बोलतंय कोण?

आपण म्हणतो "कॉम्प्युटरने एरर दिली". पण सुरू होताना कॉम्प्युटर म्हणजे कुणी एक बोलणारा नसतो. तिथे तीन-चार जण पाळीपाळीने बोलतात.

पहिला बोलतो तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा साठवलेला प्रोग्राम, म्हणजे बायोस. वीज आली की तो आधी स्वतःचीच तपासणी करतो : मेमरी, डिस्प्ले कार्ड, कीबोर्ड, डिस्क. डिस्प्ले कार्ड तपासून होईपर्यंत पडद्यावर काही लिहिणं त्याला शक्य नसतं, म्हणून तोवर तो बीप वाजवून बोलतो. एक लांब आणि दोन छोटे बीप आले तर बऱ्याच मशीनवर अर्थ असा, की डिस्प्ले कार्डाची अडचण आहे. अनेकदा कार्ड किंवा रॅम काढून, सोनेरी पट्ट्या पुसून परत नीट बसवली की काम होतं.

दुसरा बोलतो तो डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समधला छोटासा प्रोग्राम. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' किंवा 'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल' हे शब्द त्याचे. हे मेसेज इतके तुटक का, तर जागाच नाही. त्या ५१२ बाइट्समध्ये प्रोग्राम, डिस्कच्या वाटणीचा तक्ता आणि मेसेज असं सगळं बसवायचं होतं.

तिसरा बोलतो तो ज्या डिस्कवरून किंवा फ्लॉपीवरून सुरुवात करायची तिचा बूट सेक्टर. आता एक गंमत बघा. 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' हा मेसेज वाचून किती तरी घरांत हार्ड डिस्क गेली असं समजून लोक हबकले असतील. पण हा मेसेज बहुतेक वेळा ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी देत असते! फ्लॉपी फॉरमॅट करतानाच ते वाक्य तिच्यावर लिहिलं जायचं. "माझ्यावर सिस्टिम नाही, मला काढा आणि दुसरी घाला," एवढंच तिचं म्हणणं. हार्ड डिस्कबद्दल तिला काडीची माहिती नाही. उपाय काय, तर फ्लॉपी काढा आणि एखादी की दाबा.

चौथा बोलतो तो विंडोजचा स्वतःचा लोडर, किंवा तो सापडला नाही तर त्याला शोधणारा विंडोजचा बूट सेक्टर. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' दिसलं तर ती डिस्क विंडोज एनटी, २००० किंवा एक्सपीच्या कुळातली आहे हे लगेच कळतं. विंडोज ९८ च्या सुरुवातीत ही फाइल नाहीच. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आल्यावर तिची जागा 'बूटएमजीआर'ने घेतली. म्हणजे मशीन सुरू झालं नाही तरी ते साधारण कोणत्या काळातलं आहे हे त्या एका ओळीने सांगितलं.

तेव्हा दुरुस्तीचा पहिला नियम आणि साधनचिकित्सेचा पहिला नियम एकच : आधी लेखक ओळखा. बायोसने मेमरी मोजून दाखवली, डिस्कचं नाव दाखवलं आणि मग एनटीएलडीआरची तक्रार आली, तर मेमरी, डिस्प्ले कार्ड आणि डिस्कची केबल इथपर्यंतचा रस्ता बहुधा ठीक आहे. शोध तिथून पुढे सुरू करायचा.

आकड्यांकडून वाक्यांकडे

या मेसेजना स्वतःचा इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. तो वाक्यांत बोलत नसे, आकड्यांत बोले. २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी, आणि १९८३ च्या एक्सटी मॉडेलपासून १७०१ म्हणजे हार्ड डिस्क. त्या आकड्याचा अर्थ सांगणारं पुस्तक दुरुस्ती करणाऱ्याकडे असे. मालकाने ते वाचावं अशी अपेक्षाच नव्हती.

मग आयबीएमसारखी मशीन इतर कंपन्या बनवू लागल्या, आणि त्यांच्यासाठी फिनिक्स, एएमआय, अवॉर्ड या कंपन्यांनी स्वतंत्र बायोस लिहिले. आपल्याकडे १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी मोकळी केली. १९९१ नंतर घरोघरी आला तो मुख्यतः 'असेंबल्ड' कॉम्प्युटर. मदरबोर्ड एका कंपनीचा, डिस्क दुसरीची, कॅबिनेट तिसरीचं, आणि जोडून देणारा ओळखीतला पोरगा. या मशीनबरोबर आकड्यांचं पुस्तक येत नव्हतं, म्हणून पडद्यावरच वाक्य असणं गरजेचं होतं. अर्थात ते वाक्य इंग्रजीत. मराठी घरात ते वाचून दाखवायला कुणी तरी शिकलेलं लागे, ही गोष्टही तुमच्या टिपणात नोंदवण्यासारखी आहे.

यातला माझा सर्वांत आवडता मेसेज एएमआयच्या जुन्या बायोसचा : 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड'. १९९५ च्या मशीनवर हे वाचून कुणीही चक्रावेल. बेसिक ही भाषा, तिचा इथे काय संबंध? उत्तर १९८१ मध्ये आहे. आयबीएमच्या मूळ मशीनमध्ये ४० केबी रॉम होती आणि त्यातल्या ३२ केबीत बेसिक भाषा साठवलेली होती. सुरू व्हायला डिस्क मिळाली नाही तर मशीन थेट बेसिकमध्ये जाई. इतर कंपन्यांनी बायोस स्वतंत्रपणे लिहिला, पण आयबीएमच्या रॉममधलं बेसिक त्यांच्या मशीनमध्ये नव्हतं. रस्ता मात्र तसाच राहिला. डिस्क सापडली नाही की मशीन बेसिकच्या दाराशी जातं, तिथे कुणीच नाही असं सांगतं आणि थांबतं. खरी अडचण एवढीच, की बूट होण्याजोगी डिस्क किंवा सक्रिय पार्टिशन सापडलेलं नाही. जे त्या मशीनमध्ये कधीच नव्हतं त्याच्या नावाने ते तक्रार करतं. मेसेज शब्दशः खरा आहे, तरी कारण सांगत नाही. कागदपत्रांतही असे प्रसंग तुम्हाला पावलोपावली भेटतील.

बॅटरी मेली की तारीख मरते

आता ज्या मेसेजकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि जो संशोधकासाठी सर्वांत मोलाचा आहे, त्याच्याकडे येऊ : 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड'. खाली लिहिलेलं असतं, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा, सेटिंगसाठी डिलीट दाबा.

आयबीएमच्या १९८४ च्या एटी मॉडेलपासून कॉम्प्युटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ आणि त्याला जोडलेली चिमूटभर मेमरी आली. डिस्क कोणती, सुरुवात कुठून करायची, आज तारीख काय, हे सगळं तिथे राहतं. बायोस त्या नोंदींची बेरीज करून ठेवतो. सुरू होताना बेरीज जुळली नाही तर हा मेसेज येतो आणि बायोस कारखान्यात ठरवलेल्या नोंदी परत भरतो. बहुतेक वेळा कारण एकच : मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा तीन व्होल्टचा बटन सेल संपलेला असतो. हा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

४८६ च्या काळातल्या अनेक मशीनमध्ये हार्ड डिस्कची मापंही हाताने भरावी लागत. सेल संपला की मापं गेली, आणि मग दुसरी एरर यायची की डिस्क सापडत नाही. डिस्क धडधाकट, पण मशीनला ती कशी वाचायची ते आठवत नाही. म्हणून दोन मेसेज एकापाठोपाठ आले तर आधी पहिला सोडवा. दुसरा अनेकदा त्याचीच सावली असतो.

पण आपल्या कामाचा भाग तारखेचा आहे. सेल मेला की तारीख मागे जाते. जुन्या मशीनवर ती १ जानेवारी १९८० होते, कारण डॉसची कालगणनाच १९८० पासून सुरू होते. ही चूक लगेच पकडता येते. मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड ९७ ची फाइल १९८० मधली असूच शकत नाही. धोका पुढच्या मशीनमध्ये आहे. नंतरच्या बऱ्याच मदरबोर्डवर घड्याळ बायोस तयार झाला त्या वर्षावर परत जातं. समजा, ते २००२ असेल तर तारीख दिसते १ जानेवारी २००२. ही तारीख खोटी आहे, पण पटण्यासारखी आहे. बनावट सनदेतही हाच गुण असतो.

खडकवासल्यातली एक फाइल

खडकवासल्यातल्या एका घरातला एक्सपीचा कॉम्प्युटर मला पाहायला मिळाला, म्हणून हे इतकं तपशिलात सांगतेय. घरातले आजोबा आता नाहीत. त्यांनी १९६१ च्या पुराच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या. संदर्भ तुम्हाला माहीत असेलच. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली मुठेवरचं जुनं खडकवासला धरणही फुटलं, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. खडकवासल्याच्या माणसाने लिहिलेली आठवण म्हणजे धरणाशेजारून पाहिलेली गोष्ट. पुण्यातल्या बहुतेक आठवणी खालच्या अंगाने, पाणी आल्यावरच्या आहेत, म्हणून या फाइलचं महत्त्व.

सुरू करताना वर सांगितलेला सीमॉसचा मेसेज आला. शेजारी बसलेल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "अगं, ते रोजच येतं. एफ-वन दाबायचं, की चालू होतो." मी विचारलं, "कधीपासून येतंय आजी?" त्या म्हणाल्या, "लाइट जायचे ना सारखे, तेव्हापासून. आणि पावसात वीज कडाडली की हे पिन काढून ठेवायचे." या दोन वाक्यांत सगळं उत्तर होतं. कसं ते बघा.

आठवणींच्या फाइलवर तारीख होती १ जानेवारी २००२, वेळ मध्यरात्रीनंतरची १२ वाजून ४७ मिनिटं. फाइलच्या आतल्या माहितीत, म्हणजे वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये, तयार झाल्याची वेळ त्याच रात्रीची १२ वाजून १२ मिनिटं. दोन नोंदी एकमेकींना दुजोरा देतात असं वाटतं ना? पण वर्ड आणि विंडोज दोघेही वेळ त्याच एका घड्याळाला विचारतात. एकाच बखरीवरून उतरवलेल्या दोन नकला म्हणजे दोन साधनं नव्हेत.

मग विसंगती शोधायची. वर्ड 'एकूण संपादन वेळ' नावाची एक नोंद ठेवतो. ती तारीख नसते, फाइल किती वेळ उघडी होती त्याची बेरीज असते. या फाइलमध्ये ती नऊ तासांच्या वर होती. १२.१२ ते १२.४७ या पस्तीस मिनिटांत नऊ तास कसे मावणार? शेजारच्या फाइली पाहिल्या. २००८ पर्यंतच्या तारखा रांगेने, नीट पुढे जाणाऱ्या. त्यानंतर एकदम डझनावारी फाइली १ जानेवारी २००२ च्या, आणि त्यातल्या बहुतेक रात्री बारा ते तीनमधल्या. आजोबा काही एकाच रात्री जागून सगळं लिहीत नव्हते. भारनियमनात वीज गेली किंवा पिन काढली की सेल मेलेलं घड्याळ पुन्हा शून्यावर येई, आणि प्रत्येक बैठक नव्याने १ जानेवारीच्या मध्यरात्री सुरू होई. घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे तारीख आपोआप दुरुस्त होण्याचा मार्गही नव्हता.

शेवटचा पुरावा मजकुरात मिळाला. एका परिच्छेदात आजोबांनी लिहिलं होतं की या घटनेला आता पन्नास वर्षं झाली. म्हणजे २०११ किंवा त्याच्या आसपास.

नऊ वर्षांच्या फरकाने एवढं काय बिघडतं? बरंच बिघडतं. २००२ ची आठवण असती तर पन्नासाव्या वर्षी जे बोललं-लिहिलं गेलं त्याचा तिच्यावर परिणाम झालेला नाही असं म्हणता आलं असतं. २०११ ची असेल तर प्रत्येक तपशिलाला विचारावं लागतं : हे त्यांनी पाहिलेलं, की त्या वर्षी वाचलेलं-ऐकलेलं? लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून धरण वाचवण्याचा प्रयत्न केला, हे अनेकांनी सांगितलेलं आहे. ते त्यांच्या फाइलमध्येही आहे. पण हा तपशील आता स्वतंत्र दुजोरा म्हणून मोजता येत नाही. जो तपशील दुसरीकडे कुठेच नाही आणि ज्या जागेवरून तो दिसणं शक्य होतं, त्याचं वजन मात्र वाढतं. दुर्लक्षिलेल्या एका एरर मेसेजने प्रकरणातली तळटीप नाही, युक्तिवादच बदलला.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे अस्सल पत्र आणि नंतरची बखर यांतला फरक शिकवला जातो. मोडी पत्रावर सुहूर सन दिसला की त्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा, हेही तुम्ही शिकता. म्हणजे तारीख वाचण्याआधी कालगणना कोणती हे विचारायची सवय आपल्याला आहेच. फाइलच्या बाबतीत प्रश्न एवढाच बदलतो : घड्याळ कोणतं, आणि त्या दिवशी ते जिवंत होतं का?

प्रत्यक्ष काय करायचं?

असं मशीन हाती आलं तर हा क्रम पाळा.

एक. लगेच चालू करू नका. झाकण उघडून बघा. कपॅसिटरची डोकी फुगलेली आहेत का, फार जुन्या बोर्डवरची बॅटरी गळून हिरवट डाग पडलेत का, धूळ किती आहे. सगळ्या बाजूंचे फोटो काढा. काही मराठी सॉफ्टवेअरना मागे प्रिंटरच्या जागी डोंगलची छोटी डबी लागायची. ती दिसली तर जपून ठेवा. तिच्याशिवाय त्या फॉन्टमधला मजकूर उघडायला त्रास होईल.

दोन. मजकूर मोलाचा असेल तर हार्ड डिस्क काढून जाणकाराकडून तिची हुबेहूब प्रतिमा आधी करून घ्या, मूळ डिस्कवर काहीही लिहिलं जाणार नाही अशा साधनाने. एक्सपी नुसतं सुरू झालं तरी डिस्कवर शेकडो नोंदी बदलतात. मग मशीनमध्ये मूळ डिस्कऐवजी तिची प्रत लावून काम करा. मशीन सुरू करायचंच कशाला, असं विचाराल, तर फॉन्ट आणि सॉफ्टवेअर त्याच्यावर आहेत म्हणून, आणि घड्याळाची अवस्था फक्त तेच सांगू शकतं म्हणून.

तीन. बटण दाबण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. मेसेज दोन सेकंदांत निघून जातात. पॉज की दाबली तर बऱ्याच मशीनवर पहिला पडदा थांबतो. मेसेज शब्दशः उतरवा. "डिस्कची एरर आली" ही नोंद नव्हे. पडद्यावर बायोसची आवृत्ती आणि तारीख असते, तीही लिहा. घड्याळ मागे कुठे जातं याचा तो पहिला धागा आहे.

चार. डिलीट दाबून सेटिंगमध्ये जा आणि मशीनची तारीख-वेळ तुमच्या मोबाइलच्या शेजारी धरून फोटो काढा. घड्याळ दुरुस्त करण्याची घाई नको. किती चुकलंय हाच तुमचा पुरावा आहे. नोंद झाली की मग सेल बदला.

पाच. सुरू होताना विंडोजने डिस्क तपासू का असं विचारलं तर दिलेल्या काही सेकंदांत कुठलीही की दाबून ती तपासणी टाळा. 'फॉरमॅट करू का?' या प्रश्नाला तर कधीच हो म्हणू नका. हे प्रश्न मशीनच्या सोयीचे असतात, साधनाच्या सोयीचे नसतात.

सहा. घरच्यांना विचारा. मेसेज कधीपासून येतोय, कोण कोणतं बटण दाबायचं, वीज कधी जायची, इंटरनेट कधी आलं. आजींचं "ते रोजच येतं" हे वाक्य मशीनच्या कुठल्याही नोंदीत सापडणार नव्हतं, आणि त्याच्याशिवाय मशीनच्या नोंदी उलगडल्या नसत्या. ही मौखिक साक्ष तारीख घालून, त्यांच्या संमतीने लिहून ठेवा.

आणि प्रबंधात अशी फाइल वापराल तेव्हा तिच्यावर छापलेली तारीख आणि तुम्ही ठरवलेली तारीख या दोन्ही द्या, मधला हिशेब द्या. सुतावरून स्वर्ग गाठायचा मोह होतो, विशेषतः गाइडना प्रकरण द्यायची तारीख जवळ आली की. पण तुमच्यानंतर येणारा विद्यार्थी ती फाइल उघडेल तेव्हा त्याला पुन्हा १ जानेवारी २००२ च दिसणार आहे. ती तारीख का मानायची नाही, हे त्याला तुमच्या पानावर सापडलं पाहिजे.